उन्हानें घडणारी छापाची जाळी

तांदळाचीं पोतीं पाहिलीं नाहींत असा विद्यार्थी आमच्या गोंदिया जिल्ह्यांत सांपडणें कठीण. गिरणींतून बाहेर पडणाऱ्या पोत्यावर पत्र्याच्या छापानें उमटविलेलीं काळीं अक्षरें आपण सर्वांनीं पाहिलेलीं आहेत. पत्र्यांतून अक्षर कापून काढावयाचें, पत्रा पोत्यावर टेकवावयाचा आणि रंगांत बुडविलेला बोळा वरून फिरवावयाचा, इतकेंच तें काम. परंतु नीट निरखून पाहिलें तर एक गोष्ट ध्यानांत येते. 'व', 'ब', 'ठ' ह्या अक्षरांचें पोट तेथें पुरतें मिटलेलें नसतें. कोठें तरी एक बारीक फट राहिलेली असते. ही कारागिराची चूक नव्हे. अक्षराच्या पोटांतला तुकडा चोहोंकडून कापला तर तो खालीं गळून पडेल आणि 'व'च्या जागीं एक काळा गोळा उमटेल. म्हणून त्या तुकड्यास धरून ठेवण्यासाठीं कारागीर पत्र्याचा एक लहानसा पूल राखून ठेवतो. आणि जेथें पूल तेथें रंग पोंचत नाहीं.

हा पूल नाहींसा कसा करावा, ह्या एका अडचणींतून जाळीच्या छपाईचा, म्हणजे ज्यास आज सर्वत्र स्क्रीन प्रिंटिंग म्हणतात त्या विद्येचा, उगम झाला. जपानी रंगारी कापड छापण्यासाठीं कागदाचे छाप वापरीत. कागदी तुतीच्या सालीपासून केलेल्या कागदाचे दोन-तीन पदर एकमेकांवर चिकटवावयाचे, आणि त्यांस 'काकी' नांवाच्या फळाचा तुरट रस पाजून ते पाण्यास दाद देणार नाहींत असे करावयाचे, ही त्यांची रीत. येथें आमच्या वाचकांस एक मौजेची गोष्ट सांगितलीच पाहिजे. हें काकीचें झाड आणि आपल्या रानांतला तेंदू हीं एकाच कुळींतलीं, एकाच वंशांतलीं झाडें आहेत. ज्या तेंदूच्या पानांकरितां उन्हाळ्यांत आमच्याकडील घरेंच्या घरें रानांत जातात, त्याच्याच एका दूरच्या भावंडानें जपानी छापाचे कागद टिकविले! त्या कागदांतील सुटे पडणारे तुकडे जाग्यावर राहावे म्हणून जपानी कारागीर रेशमाचे बारीक तंतु आडवे-उभे लावीत. रंग त्या तंतूंच्या बाजूंनीं वाहून खालीं एकजीव होई, आणि पूल दिसेनासा होई. पुढें तंतूंच्या जागीं सबंध विणलेली जाळीच ताणावी ही कल्पना निघाली. इंग्लंडांत मँचेस्टर येथील सॅम्युएल सायमन ह्यानें १९०७ सालीं रेशमी जाळीच्या छपाईचें पेटंट घेतलें.

ह्या कामास लागणारें रेशीम पीठ चाळण्याच्या गिरण्यांतून आलें. बारीक मैदा चाळण्यासाठीं स्वित्झर्लंडांत रेशमाचें अत्यंत एकसारख्या विणीचें कापड होत असे. तेंच छापणारांनीं चौकटीवर ताणलें. आमच्या पूर्व विदर्भांत ऐन व अर्जुन ह्या झाडांवर कोसा होतो, तेव्हां घरच्या कोशाची जाळी कां करूं नये, असा प्रश्न आमच्याही मनांत आला होता. परंतु कोशाचा तंतु चपटा आणि जाडीनें कमीअधिक असतो, त्यामुळें त्याच्या विणीचीं छिद्रें सारखीं येत नाहींत. कोशाच्या कापडावर छापावें. कोशांतून छापूं नये. आतां तर रेशीमही मागें पडलें असून पॉलिएस्टरची जाळी सर्वत्र मिळते. नांव मात्र अजून रेशमाचेंच चालतें.

एवढी जाळी ताणली म्हणजे काम अर्धें झालें. जेथें रंग जाऊं नये तेथील छिद्रें बुजवावयाचीं आणि चित्राचीं तेवढीं उघडीं ठेवावयाचीं, हें काम हातानें केल्यास बारीक नक्षी साधत नाहीं. येथें सूर्य आपल्या मदतीस येतो. पोटॅशियम डायक्रोमेट नांवाचा नारिंगी क्षार प्रकाशानें पालटतो, हें स्कॉटलंडांतील मंगो पाँटन ह्यानें १८३९ सालीं दाखविलें. १८५२ सालीं फॉक्स टॅल्बट ह्यानें तो क्षार सरसांत, म्हणजे जिलेटिनांत, मिसळून पाहिला, आणि १८५५ त फ्रान्सांतील पॉयटव्हँ ह्यानें त्यावरून छपाईच्या रीती बसविल्या. तत्त्व असें: साधा सरस ऊन पाण्यांत विरघळतो, परंतु हा क्षार मिसळून वाळविलेल्या सरसावर ऊन पडलें कीं तो कातड्यासारखा कमावला जातो व मग पाण्यांत विरघळत नाहीं. जेथें सांवली पडली तेथला सरस मात्र पूर्ववत् विरघळून जातो. अर्थात् काळें चित्र वर ठेवून ऊन दाखविलें तर चित्राच्या सांवलीएवढीच जागा धुऊन निघेल आणि बाकीची जाळी बुजलेली राहील. ग्रंथांतील चित्रांचे धातूचे ठसे करण्यासही ह्याच गुणाचा उपयोग करीत. आणि 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) निर्माण करणारे दादासाहेब फाळके हे चित्रपटाकडे वळण्यापूर्वीं असे ठसे करण्याचा धंदा करीत होते, हें पुष्कळांस ठाऊक नसतें.

मात्र डायक्रोमेट आम्हीं वापरलें नाहीं, आणि विद्यार्थ्यांनींही वापरूं नये असें आमचें स्पष्ट मत आहे. जुन्या पुस्तकांतून ह्या क्षाराची कृति मोठ्या निष्काळजीपणानें दिलेली आढळते, आणि तो स्वस्त असल्यामुळें हात तिकडे वळतो. परंतु त्यांतील क्रोमियम ज्या रूपांत असतें तें कातडीवर भरून न येणारे व्रण पाडतें, त्याची धूळ नाकांत गेल्यास आंतील पडदा झिजवितें, आणि तें कर्करोगास कारण होतें हें आज निश्चित झालेलें आहे. ज्यानें तें हाताळलें त्याचेंच काय तें नुकसान होईल असेंही नाहीं. केशोरीच्या आसपास पाणी नळांतून वाहून दूर कोठें तरी नाहींसें होत नाहीं. तें नालींतून बोडींत उतरतें, बोडींतून बांधींत. त्याच बोडींत ढिवर बांधव मासे धरतात आणि गुरें पाणी पितात. चार टॉवेलांवर फूल छापावें म्हणून हा क्षार त्या पाण्यांत सोडण्याचा आपणांस कांहीं अधिकार नाहीं. त्याऐवजीं 'डायझो' जातीचा लेप बाजारांत मिळतो. तो किमतीनें अधिक पडतो खरा, पण त्यांत क्रोमियम नसतें. पॉलिव्हिनिल अल्कोहोल नांवाचा पाण्यांत विरघळणारा चिकट पदार्थ आणि डायझोची लहानशी कुपी असे त्याचे दोन भाग असतात. ऊन लागलें कीं डायझो फुटतो, त्यांतून नायट्रोजन वायु निघून जातो व उरलेला भाग त्या चिकट पदार्थाचे रेणु एकमेकांस जखडून टाकतो. परिणाम सरसासारखाच.

आतां प्रत्यक्ष कृति. चौकट सागाच्या पट्ट्यांची करावी. ती वांकडी असली तर पुढचें सर्व व्यर्थ. चित्राच्या चारही बाजूंस आंतून निदान दोन-अडीच इंच जागा मोकळी राहील एवढी ती मोठी असावी, कारण रंग ठेवावयास व पट्टी फिरवावयास जागा लागते. सुती कापडावर छापावयाचें असेल तर एका सेंटिमीटरांत सुमारे ४३ धागे, म्हणजे इंचास ११० धागे, असलेली जाळी चांगली. ती खिळ्यांनीं बसवितांना एका कोपऱ्यापासून सुरुवात करूं नये. प्रथम समोरासमोरच्या बाजूंच्या मध्यावर एकेक खिळा, मग उरलेल्या दोन बाजूंच्या मध्यावर, आणि तेथून ओढीत ओढीत कोपऱ्यांकडे जावें. बोटानें टिचकी मारली असतां जाळी डफासारखी वाजली पाहिजे. ढिली जाळी पट्टीबरोबर सरकते व चित्राची कडा दुहेरी उमटते. ताणून झाल्यावर ती साबणाच्या पाण्यानें धुवून वाळवावी आणि मग तिला हात लावूं नये. बोटाच्या तेलकटपणामुळें लेप धरत नाहीं.

लेप कालविल्यावर त्यांतील बुडबुडे बसण्यासाठीं तो कांहीं तास अंधारांत ठेवावा. लावण्यास खोली अंधारी करून एक मंद पिवळा दिवा पुरतो, कारण हा लेप निळ्या, जांभळ्या आणि त्यापलीकडील अदृश्य किरणांनींच पालटतो. पिवळ्याची त्यास फारशी बाधा होत नाहीं. सरळ कडेच्या प्लास्टिकच्या पट्टीनें जाळीच्या बाहेरून एक व आंतून एक हात खालून वर असा पातळ ओढावा. जाड लेप म्हणजे बळकट जाळी अशी नवशिक्यांची समजूत असते ती खोटी. जाड लेपाच्या तळापर्यंत ऊन पोंचत नाहीं आणि धुतांना तो सालपटासारखा निघून येतो. नंतर चौकट आडवी, सपाट बाजू खालीं करून, अंधारांतच वाळवावी.

ह्या वाळविण्यांतच आमची पहिली फजिती झाली. श्रावणांतला दिवस होता. लेप लावून चौकट रात्रभर कोठींत ठेवली, सकाळीं बोट लावून पाहिलें तों कोरडी वाटली. ढगांतून चांगलें ऊन निघतांच ती उन्हांत धरली, आणि पाण्याखालीं नेतांच चित्रासकट सगळा लेप ओघळून गेला. आम्हीं ऊन कमी पडलें असें समजून दुसऱ्या खेपेस वेळ दुप्पट केला, तरी तेंच. तिसऱ्या खेपेनंतर उमगलें कीं दोष उन्हाचा नसून हवेचा होता. पावसाळी हवेंत लेप वरून कोरडा दिसला तरी आंतून ओलसर राहतो, आणि ओलसर लेप उन्हांत कितीही वेळ ठेवला तरी नीट जखडत नाहीं. पुढें आम्हीं चौकट बंद पेटींत ठेवून शेजारीं कळीच्या चुन्याचे कोरडे खडे ठेवूं लागलों, तेव्हां काम साधलें. उन्हाळ्यांत ह्याच्या उलट सांभाळावें लागतें: वैशाखांत पत्र्याखालची खोली इतकी तापते कीं उन्हाशिवाय नुसत्या उष्णतेनेंच लेप पक्का होऊं लागतो. वाळलेली चौकट अशा दिवसांत त्याच दिवशीं वापरून टाकावी.

चित्र अर्धपारदर्शक कागदावर दाट काळ्या शाईनें काढावें. साध्या पांढऱ्या कागदास मागून खोबरेल तेल चोळून तें नीट टिपून घेतलें तरी काम भागतें. शाई खरोखर काळी आहे कीं नाहीं ह्याची परीक्षा डोळ्यांनीं मेजावर करूं नये. कागद उन्हाकडे धरावा आणि काळ्या भागामागें बोट हालवावें. बोट दिसलें तर ऊनही जाणार. अक्षरें असल्यास कागद शाईची बाजू जाळीच्या सपाट अंगास लागेल असा पालथा ठेवावा, म्हणजे वरून पाहतांना अक्षरें उलटीं दिसतील. चौकट उलटवून आंतून पाहिलें कीं तींच सुलटीं दिसतात, आणि कापडावरही सुलटीं उमटतात. एकदां एका विद्यार्थ्यानें वरून सुलटीं दिसावींत म्हणून कागद उताणा ठेवला आणि चाळीस पताकांवर गांवाचें नांव आरशांतल्यासारखें उमटलें. शाईची बाजू जाळीस लागण्याचें आणखीही एक कारण आहे: मध्यें कागदाची जाडी राहिली तर ऊन कडेनें आंत शिरून बारीक रेषा खाऊन टाकतें. पळसाचें पान, धानाची लोंबी ह्यांची छाया थेट घेण्याची हौस मुलांस फार असते. पान पुस्तकांत दाबून वाळविलेलें असेल तर तें सुरेख येतें. लोंबी मात्र जाड असल्यामुळें कांच वर उचलून धरते आणि तिच्या कुसळांच्या जागीं नुसती धुरकट पट्टी उमटते. ती चित्रच काढावी.

मांडणी अशी करावी. खालीं फळी, फळीवर चौकटीच्या आंत बसेल अशी मऊ गादी, गादीवर काळें कापड, त्यावर चौकट सपाट बाजू वर करून, तीवर चित्र, आणि सर्वांवर स्वच्छ कांच. गादी जाळीस खालून उचलून कांचेशीं भिडविते. काळें कापड विसरूं नये, नाहीं तर खालून परतलेला प्रकाश सांवलींतही शिरतो.

आतां ऊन. केशोरी विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे पाऊणे एकवीस अंशांवर आहे, त्यामुळें मे महिन्याच्या अखेरीच्या सुमारास मध्यान्हीचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो; आणि डिसेंबरच्या उत्तरार्धांत तो मध्यान्हीसही क्षितिजापासून सुमारे ४६ अंशच चढतो. हिंवाळ्यांत चौकट जमिनीवर आडवी ठेवली तर तिच्या वांट्यास तिरपे व विरळ किरण येतात. त्यासाठीं एक सोपी युक्ति आहे. फळीच्या कडेवर एक लांब खिळा सरळ उभा ठोकावा, आणि खिळ्याची सांवली नाहींशी होईपर्यंत फळी सूर्याकडे कलती करीत जावें. सांवली नाहींशी झाली कीं किरण जाळीवर उभे पडत आहेत असें समजावें. मध्यान्ह म्हणजे घड्याळांतले बारा असेंही समजूं नये. आपलें प्रमाणवेळेचें घड्याळ ८२॥ रेखांशावरून चालतें आणि आम्ही सुमारे ८० व्या रेखांशावर राहतों. एका अंशास चार मिनिटें ह्या हिशेबानें आमची मध्यान्ह सरासरीनें दहा मिनिटें उशिरा होते. ऋतूप्रमाणें त्यांत पाव तासापर्यंत फरक पडतो: नोव्हेंबरच्या आरंभीं ती बाराच्या अगोदरच होऊन जाते, तर फेब्रुवारीच्या मध्यास १२ वाजून २४ मिनिटांच्या सुमारास होते.

किती वेळ ऊन द्यावें, हें पुस्तकांतून शिकतां येत नाहीं. प्रथम एका लहान चौकटीवर परीक्षा करावी. पुठ्ठ्यानें सर्व झांकून एकच पट्टी उघडी ठेवावी, आणि दर अर्ध्या मिनिटास पुठ्ठा एकेक पट्टी मागें सरकवीत जावें. सहा पट्ट्या झाल्या म्हणजे पहिलीस तीन मिनिटें व शेवटचीस अर्धें मिनिट ऊन मिळालेलें असतें. धुतल्यावर जेथें लेप बुळबुळीत होऊन गळला तेथें ऊन कमी. जेथें चित्राच्या रेषाही उघडत नाहींत तेथें अधिक. ज्या सर्वांत कमी वेळांत लेप टिकला आणि रेषाही मोकळी झाली ती पट्टी आपली. एप्रिलांतील निरभ्र दुपारीं आम्हांस दोन-अडीच मिनिटें पुरलीं. पौषांत तेंच काम करावयास त्याच्या जवळजवळ दुप्पट वेळ लागला. ज्याचा त्यानें आपला आंकडा काढून चौकटीच्या लांकडावर लिहून ठेवावा. मध्येंच ढग आला तर परीक्षा व्यर्थ गेली असें समजून पुन्हां करावी. ढगांतून किरण येतात, पण ते सगळ्या आकाशांतून पसरून येत असल्यामुळें रेषेच्या दोन्ही कडांनीं आंत घुसतात.

ऊन देऊन होतांच चौकट सांवलींत आणून दोन्ही बाजूंनीं थंड पाणी हळू सोडावें. मिनिटभर कांहींच होत नाहीं असें वाटतें. मग चित्राची कडा फिकी पडूं लागते, आणि पाहतां पाहतां जाळी मोकळी होते. हें पाहण्यास मुलें गर्दी करतात, आणि खरें सांगावयाचें तर आम्हीही करतों. जाळी वाळली कीं तिला पुन्हां एकदां उन्हांत ठेवावी, म्हणजे उरलेला लेप आणखी पक्का होतो. टांचणीएवढीं छिद्रें राहिलीं असतील तीं लेपाच्याच थेंबानें बुजवावीं.

छापण्याविषयीं थोडक्यांत. मांजरपाट नवा असेल तर त्यांतील खळ सोडा घालून उकळून काढावी. खळीवर बसलेला रंग पहिल्याच धुण्यांत खळीबरोबर जातो. मेजावर घोंगडी, तिच्यावर कापड ताणून टांचण्या. रंग म्हणून पिगमेंट व त्याचा बाइंडर घ्यावा. चौकटीच्या एका टोंकास रंग ओतून सरळ कडेची रबरी पट्टी कलती धरून एका दमांत स्वतःकडे ओढावी. रंग पातळ असेल तर कडेबाहेर पसरतो. त्यास दाटपणा देण्यासाठीं गिरण्यांतून चिंचोक्याच्या पिठाचाही उपयोग होतो. आमच्या उन्हाळ्यांत मात्र मोठी अडचण निराळीच आहे: तीन-चार छाप होतात न होतात तोंच रंग छिद्रांतच वाळून बसतो. म्हणून जाळी दुपारीं करावी व छपाई पहाटे करावी. रंगांत थोडें ग्लिसरीन घातल्यानेंही तो ओला राहतो. छापलेलें कापड पूर्ण वाळल्यावर उलट बाजूनें कडक इस्त्री प्रत्येक जागीं कांहीं मिनिटें फिरवावी. ह्या उष्णतेनेंच बाइंडर धाग्यास धरतो. ही पायरी आळसानें गाळलेल्या रुमालांचे रंग नदीवर उतरलेले आम्हीं पाहिले आहेत. कोशाच्या कापडावर हा रंग बसतो, परंतु कापडाचा मऊपणा जातो. तेथें नक्षी विरळ ठेवावी.

काम संपतांच, हात धुण्याच्याही आधीं, जाळी धुवावी. जुनें चित्र काढून तीच चौकट पुन्हां वापरावयाची असल्यास डायझोचा पक्का लेप ब्लीचच्या पाण्यानें सुटतो. पण हें फक्त पॉलिएस्टरच्या जाळीस चालतें. खऱ्या रेशमाची जाळी ब्लीचमध्यें अक्षरशः विरघळून जाते आणि नायलॉनचीही नासाडी होते. हें धुण्याचें पाणी आम्ही बोडीकडे जाऊं देत नाहीं. मातीच्या खड्ड्यांत सोडून देतों. लेप गेला तरी जुन्या चित्राची फिकी छाया धाग्यांवर राहते. ती छापली जात नाहीं, म्हणून तिची चिंता करूं नये. आमच्या एका चौकटीवर पळसाच्या पानाची अशी छाया अजून दिसते. हल्लीं तिच्यांतून केशोरीची मिरची छापतों.